बोक्याचे इन्सुलिन: डोस कसा वाढत गेला, कुठे चुकला आणि कसा सावरला

पार्श्वभूमी

हे प्रकरण दहा वर्षे वयाच्या, नसबंदी झालेल्या एका बोक्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत. मांजराला येथे बोका म्हटले आहे, त्याची दिवसभर काळजी घेणाऱ्या वयस्कर बाईंना काकू आणि पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या त्यांच्या मुलाला केवळ मुलगा. मी या बोक्याचा पशुवैद्य आहे. पुढे ज्या चुका येतील, त्यांतल्या दोन मोठ्या चुका माझ्या आहेत आणि मधुमेही मांजर घरी सांभाळणाऱ्यांना त्या उपयोगी पडतील, म्हणूनच हे लिहीत आहे.

बोका आयुष्यभर घरातच वाढला. कोरड्या दाणेदार खाद्याची वाटी दिवसभर भरलेली असे आणि तो मनाला येईल तेव्हा खात असे. त्याचे सर्वांत जास्त नोंदलेले वजन ६.८ किलो होते. त्याच्या हाडापेराला ५ किलोच्या आसपास वजन शोभले असते. त्याला त्वचेच्या खाजेचा जुना त्रास होता आणि त्यासाठी आमच्याच दवाखान्यात त्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची दोन इंजेक्शने दिली गेली होती. पहिले निदानाच्या सुमारे पाच महिने आधी, दुसरे पाच आठवडे आधी. वय, लठ्ठपणा, नसबंदी झालेला नर असणे आणि स्टेरॉइड, या चारही गोष्टी मांजरांत मधुमेहाची शक्यता वाढवतात आणि त्या चारही या बोक्यात एकत्र आल्या होत्या.

मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, स्वादुपिंडावर ताण येतो आणि रक्तातली साखर सतत चढी राहिली की त्या साखरेमुळेच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी आणखी निकामी होत जातात. याची दुसरी बाजू आशेची आहे. साखर लवकर आणि नीट खाली आणली, तर काही मांजरांच्या पेशी पुन्हा काम करू लागतात आणि इन्सुलिनची गरज संपते. म्हणून निदानानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत इन्सुलिनची गरज झपाट्याने बदलत असल्यामुळे ते सर्वांत धोक्याचेही असतात.

समस्या

काकूंच्या लक्षात आधी आली ती पाण्याची वाटी. रोज एकदा भरायची ती आता तीनदा भरावी लागे आणि लिटर बॉक्समधल्या वाळूचे गोळे मुठीएवढे होऊ लागले होते. मी त्यांना एक दिवस पाणी मोजून ठेवायला सांगितले. २४ तासांत बोका ६४० मिलिलिटर पाणी प्यायला. मांजर दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर ते निश्चितच आजाराचे लक्षण मानतात, आणि बोक्याचे वजन तोवर ५.९ किलोवर उतरले होते. चालताना त्याची मागची टाच जमिनीला टेकत होती. मधुमेहामुळे नसा दुखावल्या की मांजरे अशी चालतात.

दवाखान्यातल्या तपासणीत रक्तातली साखर ४१२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघाली. (पुढचे सर्व आकडे याच एककात आहेत.) एवढ्यावरून निदान करता येत नाही, कारण भेदरलेल्या निरोगी मांजराची साखरही दवाखान्यात बरीच चढते. लघवीतही साखर होती आणि गेल्या एकदोन आठवड्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारे फ्रुक्टोसामाइनही वाढलेले होते. त्यामुळे शंका उरली नाही. लघवीत कीटोन (इन्सुलिन अपुरे पडून शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारे, साचल्यास घातक ठरणारे पदार्थ) नव्हते, ही दिलासा देणारी गोष्ट होती. मात्र त्या आठवड्यात त्याला दोनदा उलटी झाली होती आणि त्याचे खाणे कमीजास्त होत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता केवळ आहार बदलण्याचा. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे, कर्बोदके हाताळण्याची त्याच्या यकृताची क्षमता मर्यादित असते आणि कमी कर्बोदकांच्या ओल्या खाद्याने साखर खाली येण्यास खरोखर मदत होते. पण ४१२ साखर, घटते वजन आणि दुखावलेल्या नसा असताना केवळ खाद्यावर विसंबणे म्हणजे हातचा काळ घालवणे होते.

दुसरा पर्याय तोंडावाटे द्यायच्या नव्या औषधांचा होता. बेक्साग्लिफ्लोझिन हे मांजरांसाठीचे औषध अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाले आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन आले. ही औषधे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकायला लावतात. रोज सुई टोचावी लागत नाही, म्हणून काकूंचा ओढा या पर्यायाकडे होता आणि तो समजण्यासारखा होता. परंतु ज्या मांजराचे खाणे बेभरवशाचे आहे किंवा ज्याला उलट्या होत आहेत, त्याला ही औषधे देणे धोक्याचे असते. अशा मांजरात साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात कीटोन साचून जीवावर बेतू शकते. बोक्याची त्या आठवड्यातली अवस्था पाहता मी हा पर्याय बाजूला ठेवला आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

उरला तो इन्सुलिनचा पर्याय. काकूंनी एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, रोज दोनदा सुई टोचून त्याला त्रास नाही ना होणार?” मी इन्सुलिनच्या सिरिंजची सुई त्यांच्या बोटावर टेकवून दाखवली. ती अगदी बारीक असते आणि मांजराला सुईपेक्षा धरून ठेवण्याचाच राग जास्त येतो.

आम्ही ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन निवडले, दर १२ तासांनी १ युनिट, सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता. मांजरांत साधारणपणे किलोमागे ०.२५ ते ०.५ युनिट या हिशोबाने सुरुवात करतात आणि ती सहसा १ ते २ युनिटांच्या दरम्यान बसते. बोका लठ्ठ होता, खाणे अनिश्चित होते, म्हणून मी खालचे टोक धरले.

पहिले चार आठवडे

दवाखान्यात दोघांना सुई द्यायला शिकवले. मानेमागची कातडी जाड असते आणि तिथे इन्सुलिन सारखे शोषले जात नाही, म्हणून छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून तिचा छोटा तंबू करायचा आणि त्याच्या पायथ्याशी सुई घालायची, हे काकूंना दुसऱ्याच दिवशी जमले. सिरिंजमधल्या हवेच्या बुडबुड्याबद्दल मी त्यांना विशेष बजावले होते. या इन्सुलिनचे १ युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. तेवढ्यात टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला, तरी डोसचा मोठा हिस्सा जातो. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेल्या सिरिंजा घेतल्यामुळे पुढे बरीच सोय झाली. आठव्या दिवशी सुई कातडीतून आरपार गेली आणि इन्सुलिन केसांवर सांडले. मुलाने पुन्हा टोचले नाही. किती आत गेले हे कळत नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचे नाही, ही सूचना त्याने पाळली. एखादा डोस हुकल्याने साखर दिवसभर चढी राहते, पण दुप्पट डोसाने मांजर दगावू शकते.

इथवर सगळे ठीक होते. मी मात्र घरी साखर मोजायला शिकवणे पुढे ढकलले. एकदम सगळे अंगावर टाकले तर घरचे बिचकतील, असे मला वाटले होते. या एका ढकलण्यातून पुढचे पुष्कळ काही घडले.

दहाव्या दिवशी बोका तपासणीला आला. तो टोपलीत फुत्कारत होता आणि टेबलावर ठेवताच त्याने लघवी केली. साखर निघाली ३४८. पाणी थोडे कमी झाले होते, बाकी फारसा फरक नव्हता. त्या एका आकड्यावरून मी डोस २ युनिट केला. पुढच्या आठवड्यात मुलाने माणसांसाठीचा एक ग्लुकोमीटर मिळवला आणि स्वतःच प्रयत्न करून कानाच्या कडेचे रक्त काढायला शिकला. चोविसाव्या दिवशी सकाळी, सुई देण्याच्या आधी, त्याने ३१० हा आकडा मला फोनवर कळवला. मी डोस ३ युनिट केला.

या दोन निर्णयांच्या वेळी माझ्यासमोर काय होते आणि काय नव्हते, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. दोन्ही वेळा माझ्याकडे एकच आकडा होता. पहिला भेदरलेल्या मांजराचा होता. दुसरा सुईच्या आधीचा होता, म्हणजे आधीच्या डोसाचा जोर ओसरतो तेव्हाचा. त्या वेळी साखर चढलेली असणे स्वाभाविकच आहे. डोस पुरेसा आहे की जास्त, हे ठरते ते दोन सुयांच्या मधल्या काळात साखर किती खाली गेली त्यावरून, म्हणजे नीचांकावरून. तो नीचांक कोणीही मोजला नव्हता.

याच सुमारास आणखी तीन गोष्टी चालू होत्या. अठराव्या दिवसापासून कोरडे खाद्य हळूहळू कमी करून त्याजागी कमी कर्बोदकांचे ओले खाद्य येत होते आणि सव्विसाव्या दिवशी तो बदल पुरा झाला. स्टेरॉइडचे शेवटचे इंजेक्शन देऊन आता नऊ आठवडे उलटत होते, म्हणजे इन्सुलिनला अडवणारा तो परिणाम ओसरत होता. आणि काही आठवडे इन्सुलिन मिळाल्यावर स्वादुपिंडही सावरू लागले असावे. या तिन्ही गोष्टींनी इन्सुलिनची गरज कमी होते. त्याच काळात मी डोस तिप्पट केला. स्टेरॉइडची नोंद कागदावर होती. डोस ठरवताना ती माझ्या डोक्यात नव्हती.

एकतिसाव्या दिवसाची दुपार

त्या दिवशी मुलाला लवकर निघायचे होते. त्याने वाटीत ओले खाद्य वाढले, सुई दिली आणि तो गेला. बोक्याने खाद्याला तोंड लावले आणि सोडून दिले. काकूंना वाटले, नंतर खाईल.

दुपारी तीनच्या सुमारास बोका कपाटाखाली गेला. हाक मारली तर तो नेहमी कान तरी वळवतो. आज वळवला नाही. काकूंनी त्याला बाहेर ओढले तेव्हा त्याच्या बुबुळांचा काळा भाग पुरता पसरला होता, मान लटपटत होती आणि उभे केल्यावर मागचे पाय एकमेकांत अडकून तो कुशीवर पडला. त्यांनी आधी मला फोन लावला. मी त्यांना विचारले, गिळतोय का? त्यांनी बोटाला पाणी लावून ओठाला टेकवले, त्याने जीभ काढली. मग मध बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायला सांगितला. झटके येत असते, तर मधही हिरडीवर अगदी थोडा आणि वरवरच लावायला सांगितला असता. शुद्ध नसलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतले, तर ते श्वासनलिकेत जाते.

पाच मिनिटांनी काकूंनी स्वतः मोजले, हात थरथरत असताना, आयुष्यात पहिल्यांदा. ४१. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षाहून बहुधा कमी दाखवतात, कारण मांजराच्या रक्तातली साखर लाल पेशी आणि बाहेरचा द्रव यांत वेगळ्या प्रमाणात विभागलेली असते. पण समोर लटपटणारे मांजर असताना त्या फरकाचा हिशोब करत बसायचे नसते. १५ मिनिटांनी आकडा ५८ झाला, त्याने दोन घास खाल्ले आणि शेजाऱ्यांच्या मदतीने काकू त्याला घेऊन दवाखान्यात आल्या. ग्लार्जिनचा परिणाम पुष्कळ तास राहतो, त्यामुळे मधाने आलेली उभारी टिकेलच असे नसते. आम्ही शिरेतून ग्लुकोज चालू ठेवले आणि रात्री दहापर्यंत सलग मोजणी करून, आकडे स्वतःहून टिकत आहेत हे पाहिल्यावर त्याला घरी पाठवले. संध्याकाळचा डोस दिला नाही.

दुसऱ्या सकाळचा ३९०

सकाळी साडेसहाला मुलाचा फोन आला. “डॉक्टर, ३९० आहे. तीन युनिट देऊन टाकू का?”

त्याच्या जागी कोणीही असते तरी हेच विचारले असते. आकडा मोठा, म्हणून औषध जास्त, असा तो सरळ विचार. पण त्या ३९० मागे दोन कारणे होती. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली की शरीर ॲड्रेनालिन, ग्लुकॅगॉन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरके सोडून यकृतातली साखर रक्तात लोटते आणि तो चढ काही काळ टिकू शकतो. शिवाय गेल्या जवळजवळ २४ तासांत त्याला इन्सुलिन मिळालेलेच नव्हते. प्रत्येक चढ्या आकड्यामागे आधीची घसरण असते असे मात्र नाही. उलट असे मानून खरोखर अपुरा डोस कमी करत जाण्याची चूकही होते. म्हणूनच मधले आकडे हवेत.

चार पर्याय होते. ३ युनिट तसेच ठेवणे, हे कालच्या अनुभवानंतर शक्य नव्हते. दुसरा पर्याय डोस निम्मा करण्याचा. लक्षणे दिसण्याइतकी साखर उतरल्यावर तो निम्म्याने कमी करणे ही रूढ पद्धत आहे आणि त्याप्रमाणे १.५ युनिट झाले असते. तिसरा, सुरुवातीच्या १ युनिटावर परत जाणे. चौथा, आणखी एक दिवस काहीच न देणे. शेवटच्या पर्यायात कीटोन साचण्याची भीती होती. मी मुलाला आधी लघवी तपासायला लावली. बोका वाळूत बसला की त्याच्यामागे उथळ पळी धरायची, ही युक्ती काकूंनी शोधून काढली. पट्टीवर कीटोन नव्हते, बोक्याने पोटभर खाल्ले होते. १ युनिट द्यायचे ठरले, कारण १ युनिटावर असताना जे खाद्य आणि जे स्टेरॉइड त्याच्या शरीरात होते ते आता नव्हते, त्यामुळे १.५ युनिटही जास्त ठरू शकले असते. त्या दिवशी दर दोन तासांनी मोजायचे, असेही ठरले.

याच दिवशी दोन नियम घरात लागू झाले. पहिला, आधी खाणे आणि मगच सुई; निम्मेही खाल्ले नाही तर सुई न देता फोन करायचा. दुसरा, फ्रिजच्या दाराला एक वही टांगायची आणि सुई देणाऱ्याने तिथेच, लगेच, वेळ, खाणे, साखर, डोस आणि स्वतःची सही लिहायची. दोन माणसे एकाच मांजराला सुई देत असतील, तर एकाला दुसऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागता कामा नये.

कातडीला चिकटवायचा, सलग साखर मोजणारा सेन्सर लावावा का, याचाही विचार झाला. मांजरांवर तो वापरला जातो आणि कान टोचणे त्याने पुष्कळ कमी होते. पण बोक्याच्या अंगावर खाजेच्या जुन्या जखमा अजून भरत होत्या आणि केस काढून तिथे काही चिकटवले, तर तो ते ओरबाडेल अशी भीती होती. म्हणून आम्ही प्राण्यांसाठी जुळवलेला ग्लुकोमीटर घेतला आणि कानाचाच मार्ग धरला.

घरचा आलेख

कानाचे रक्त काढण्यात काकू मुलापेक्षा तरबेज झाल्या. ऊन पाण्यात भिजवून पिळलेला कापडाचा तुकडा अर्धा मिनिट कानाला लावला की कडेची शीर फुगते. कानाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आरपार जाऊन बोटात शिरत नाही. मोहरीएवढा थेंब आला की पट्टीचे टोक त्याला टेकवायचे, पट्टी तो आपणहून ओढून घेते. मग बोळ्याने दाबून धरायचे आणि लगेच आवडीचा तुकडा द्यायचा. महिन्याभरात बोका मीटरचा आवाज ऐकून स्वतः येऊ लागला.

चाळिसाव्या दिवशी पहिला पूर्ण आलेख घेतला. सकाळी सातला २६८, नऊला २३१, अकराला १६४, एकला ११८, तीनला १०९, पाचला १५७ आणि संध्याकाळी सातला २४२. नीचांक १०९, सुईनंतर आठ तासांनी. आम्हाला नीचांक ८० ते १५० च्या दरम्यान हवा होता आणि उरलेल्या वेळी आकडा ३०० च्या वर जाऊ नये, एवढी अपेक्षा होती. म्हणजे १ युनिट नेमके होते. सकाळचा २६८ एकटाच पाहिला असता, तर माझा हात पुन्हा डोस वाढवण्याकडे गेला असता. अंगावर नऊ दिवसांपूर्वीचा अनुभव नसता तर तो गेलाच असता, हे कबूल करतो. त्या दिवशी डोसाला हात लावला नाही.

चौपन्नाव्या दिवसाचा आलेख सगळाच खाली सरकलेला होता. सकाळी सातला १६४, मग १४०, १०१, दुपारी एकला ७४, तीनला ६८, पाचला ९५, सातला १५१. बोका मजेत होता, एकही लक्षण नव्हते. पण ८० च्या खालचा नीचांक हा डोस कमी करण्याचाच इशारा असतो, लक्षणांची वाट पाहायची नसते. डोस ०.५ युनिट झाला.

सिरिंजचे टोपण

याच सुमारास एक प्रसंग थोडक्यात टळला. औषधविक्रेत्याकडून आलेल्या नव्या सिरिंजांच्या पाकिटात टोपणे लाल होती. नेहमी ती नारिंगी असत. काकूंना ते खटकले आणि त्यांनी फोन केला. त्या सिरिंजा मिलिलिटरला ४० युनिट असणाऱ्या इन्सुलिनसाठी होत्या; बोक्याचे इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटांचे. त्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरले असते, तर २.५ युनिट गेले असते. मांजरांसाठीची काही इन्सुलिने ४० च्या तीव्रतेची आणि माणसांची बहुतेक १०० ची असल्यामुळे ही गल्लत सहज होते. नवे पाकीट उघडताना बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवायचा, हे तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे.

शेवटचे डोस

सत्तराव्या दिवशी सकाळी सुईच्या आधीचा आकडा ११८ आला. ही पुन्हा निर्णयाची वेळ होती. एवढ्या आकड्यावर इन्सुलिन दिले तर साखर आणखी खाली जाणार. अजिबात न देता सोडून दिले तर इतक्या कष्टाने आणलेला ताबा सुटण्याची भीती. मुलाने सुई न देता फोन केला. त्या सकाळचा डोस वगळला, दुपारी आणि संध्याकाळी मोजायला सांगितले. संध्याकाळी १६७ होता, तेव्हा ०.५ युनिट दिले. पुढचे काही दिवस असेच गेले आणि एकेक करून डोस वगळले जाऊ लागले. शहात्तराव्या दिवशी शेवटची सुई दिली गेली. त्यानंतरचे चार आठवडे त्याची साखर ८५ ते १३० च्या मध्ये राहिली आणि फ्रुक्टोसामाइन सामान्य आले. इन्सुलिनशिवाय किमान चार आठवडे साखर ठीक राहिली की मधुमेह शमला असे आम्ही म्हणतो. बरा झाला असे म्हणत नाही, कारण तो परत येऊ शकतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, घरी साखर मोजायला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे होते. घरचे बिचकतील हा माझा अंदाज होता आणि तो चुकीचा ठरला. मुलगा स्वतःहून शिकला आणि काकू त्याच्याहून पुढे गेल्या. अवघड वाटेल म्हणून मी ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवले, तीच त्यांना सर्वांत उपयोगी पडली असती.

डोस वाढवण्याआधी एक पूर्ण आलेख हवा होता. तो नसेल, तर निदान सुईनंतर सहा ते आठ तासांनी एकदोन आकडे. वाढवायचाच होता तर अर्ध्या युनिटाने आणि आठवडाभर थांबून वाढवायला हवा होता. हळू वाढवल्याने बोक्याची साखर आणखी दोन आठवडे चढी राहिली असती. ते नुकसान भरून येण्याजोगे होते.

आहार बदलणे योग्यच होते, पण तो डोस वाढवण्याच्या काळात नको होता. दोन्ही एकत्र करायचे असतील, तर रोज मोजणी हवी. आणि स्टेरॉइड दिलेल्या मांजरात इन्सुलिनची गरज काही आठवड्यांत उतरणार, हे गृहीत धरूनच पहिला आराखडा करायला हवा होता. असे मांजर आले की मी आता डोसाच्या शेजारी, त्याच ओळीत, शेवटच्या स्टेरॉइडची तारीख लिहितो.

एका मुद्द्यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. बत्तिसाव्या दिवशी १.५ युनिट दिले असते, तर बहुधा तेही निभावले असते, कारण आम्ही दर दोन तासांनी मोजतच होतो. पण त्या घराने आदल्या दिवशी जे पाहिले होते, त्यानंतर त्यांना पुन्हा धीराने सुई हातात घेता यावी, हेही मला महत्त्वाचे वाटले.

परिणाम

सहाव्या महिन्यात बोक्याचे वजन ५.४ किलो आहे. टाच जमिनीला टेकत नाही आणि तो पूर्वीसारखा खिडकीच्या कठड्यावर उडी मारतो. खाजेसाठी आता स्टेरॉइड दिले जात नाही. परजीवींचा बंदोबस्त, खाद्यातले बदल आणि दुसरी औषधे यांवर भागते आहे आणि त्याच्या कागदावर मोठ्या लाल अक्षरांत तशी सूचना आहे. कोरड्या खाद्याची भरलेली वाटी घरातून गेली आहे.

काकू अजून दर रविवारी सकाळी त्याचा कान टोचतात आणि वहीत आकडा लिहितात. गेल्या आठवड्यातला आकडा ९७ होता. आकडा सलग दोनदा १८० च्या वर गेला किंवा पाण्याची वाटी दुसऱ्यांदा भरावी लागली, तर त्याच दिवशी फोन करायचा, असे आमचे ठरलेले आहे.